तीन कोटींची गाडी आणि फिटरची सही

मनमाडच्या माणसाला स्पोर्ट्स कारचं वेड असावं, हा तसा विनोदच म्हणायचा. आमच्या गावाची ओळख काय, तर जंक्शन. उतरायचं, दुसरी गाडी पकडायची आणि पुढे जायचं! गावातून पुणे-इंदूर महामार्ग जातो आणि त्यावर पानेवाडीच्या डेपोकडे जाणाऱ्या-येणाऱ्या टँकरची रांग लागलेली असते. मुंबईच्या रिफायनरीतलं पेट्रोल पाइपलाइनने आमच्याकडे येतं आणि इथून टँकरने चहूकडे जातं. म्हणजे पेट्रोल मुबलक, पण ते फुंकायला जमिनीपासून चार बोटं वर असलेली गाडी मात्र एकही नाही. असती तरी पहिल्या स्पीडब्रेकरवर पोट घासून बसली असती. आणि धुणार कशाने? वर्षानुवर्षं नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येणारं गाव हे. इथे गाडी धुणाऱ्याकडे शेजारी ज्या नजरेने बघतात ती नजर मी ओळखून आहे. :)

पण वेड काही गाव बघून लागत नाही. मला ते लागलं २००२ साली. सचिनने कसोटीतल्या २९व्या शतकाने ब्रॅडमनशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरच्या हातून किल्ली! पेपरातला तो फोटो मी कापून ठेवला होता. पुढे २००३ मध्ये त्या गाडीचा सुमारे १.१३ कोटींचा आयात कर माफ करण्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी कर फियाटने भरला. २०११ मध्ये सचिनने ती गाडी विकली, ती सुरतेला गेली. आमच्याकडे चहाच्या टपरीवर कर माफ करावा की नाही यावर दोन तट पडले होते. मी मात्र त्या वेळी एकाच गोष्टीचा विचार करत होतो, की पाठीमागच्या काचेतून इंजिन दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं?

तेव्हापासून मी अशा गाड्या फक्त फोटोत आणि पुढे व्हिडिओत बघत आलो. रस्त्यावर एखादी सुसाट गेली तर 'गेली' एवढंच कळायचं. शोरूममध्ये जाऊन शांतपणे, चारी बाजूंनी बघावी, असं वाटायचं. पण त्या काचेच्या दाराशी पाय अडतो हो. दार कुणी बंद केलेलं नसतं, दरवानही अडवत नाही. तरी आपणच आपल्या चपलांकडे बघतो. दागिन्यांच्या दुकानात निदान 'बघून ठेवतो' म्हणता येतं. तीन कोटींच्या गाडीला काय म्हणणार, पगार झाला की येतो?

यंदा जायचं ठरलं ते पुतण्यामुळे. पुतण्या म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा. वय वर्षं एकोणीस, आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. तिथे गेल्यापासून चेहरा पाडून बसलेला. मित्र कोण कॉम्प्युटरला, कोण पुण्याला डिप्लोमाला. हा दिवसभर व्हाइसमध्ये लोखंड पकडून कानस मारतो. 'फिटरला कोण विचारतं काका?' हे वाक्य मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं की त्याचं उत्तर देणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या वर्षाला जायचंच नाही, नाशिकला कुठल्याशा डिलिव्हरीच्या कामाला लागायचं, असं त्याने घरी जाहीर केलं होतं. घरात रोज त्यावरून वाद. मामी रडायच्या, मामेभाऊ ओरडायचा. मामा काहीच बोलायचे नाहीत.

मामांबद्दल सांगायला हवं. मनमाडला मध्य रेल्वेचा इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे, १९०६ सालापासूनचा. तिथे रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर बनतात. मामा १९७५ मध्ये तिथे खलाशी म्हणून लागले, फिटर झाले आणि अडतीस वर्षांनी निवृत्त झाले. आता बहात्तर वर्षांचे आहेत. घरात नळ, कडी, सायकल, शिलाई मशीन, काहीही बिघडलं की अजून त्यांचाच हात लागतो. पण नोकरीबद्दल बोलणं नाही. मुलाला त्यांनी फिटर होऊ दिलं नाही, कारकून केलं. नातू फिटर होतोय याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, हे आम्हाला कुणालाच कळलेलं नव्हतं.

तर नातवाने वाढदिवसाला काय मागावं? 'काका, मला एएमजी जीटी बघायची आहे. जवळून.' मोबाइल नाही, बूट नाही, गाडी बघायची आहे. मी तर काय, तयारच होतो! मुंबईतल्या एका शोरूमला आधी फोन केला आणि सरळ सांगून टाकलं, 'आम्ही मनमाडहून येणार. घ्यायची ऐपत नाही. बघायची आहे. चालेल का?' पलीकडच्या मुलीने क्षणभर थांबून विचारलं, 'किती जण येणार सर?' मी म्हटलं तिघे. कारण मामा अचानक म्हणाले होते, 'मीही येतो. बघू तर खरं, कशावरून एवढं चाललंय.'

पहाटे सहाची पंचवटी. मनमाड ते मुंबई २६० किलोमीटर. पुतण्या वाटेत मला आकडे सांगत होता. शून्यापासून शंभरचा वेग ३.२ सेकंदांत, सर्वाधिक वेग ताशी ३१५, ताकद ५८५ हॉर्सपॉवर. 'म्हणजे या हिशेबाने मनमाडहून मुंबई एका तासात!' मी म्हटलं, 'हो, फक्त चांदवडचा घाट, कसाऱ्याचा घाट, भिवंडीचं ट्रॅफिक आणि देवाघरचं बोलावणं तेवढं वगळायचं.' मामा खिडकीबाहेर बघत होते. लासलगावला कांद्याचा वास आला तेव्हा फक्त म्हणाले, 'भाव पडलेले दिसतात.'

शोरूमच्या दाराशी मामांनी पायातल्या चपला काढल्या. अगदी सहज, देवळात काढतात तशा. दरवानाने घाईने 'नको काका, राहू द्या, चला तसेच' म्हणून त्यांना आत नेलं. फोनवर बोललेली मुलगी पुढे आली. बदलापूरची होती, मराठी बोलणारी. तिने पाणी दिलं, कॉफी विचारली आणि म्हणाली, 'गाडी तिकडे आहे. निवांत बघा, आज सकाळी कुणाची अपॉइंटमेंट नाहीये.' हे तिने इतक्या साधेपणाने म्हटलं, की वीस वर्षांची माझी भीती पाच मिनिटांत गेली.

आणि मग ती गाडी!

खरं सांगतो मंडळी, फोटोत यातलं काही कळत नाही. फोटोत गाडी चकचकीत दिसते. प्रत्यक्षात पहिल्यांदा जाणवते ती तिची बैठक. पुढचं बॉनेट लांबच लांब, ड्रायव्हर पार मागे, जवळजवळ मागच्या चाकांवर बसल्यासारखा. वाघ उडी मारायच्या आधी मागच्या पायांवर बसतो ना, तशी. उंची माझ्या बरगडीपर्यंत. मागची चाकं एवढी रुंद की आमच्या मामेभावाच्या स्कूटरची चार चाकं शेजारी ठेवली तर जेमतेम बरोबरी होईल. पुतण्या तोंडातून आवाज न काढता तिच्याभोवती फिरत होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून. चुकून लागायला नको!

मामांची बघण्याची तऱ्हा वेगळी. ते आधी गाडीच्या एका टोकाला गेले, वाकले आणि एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. लाइन बघत होते. मग दार आणि पुढचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हळूच अंगठ्याचं नख लावलं आणि वरून खाली नेलं. ती मुलगी बघत होती, पण काही बोलली नाही. 'सारखी आहे,' मामा म्हणाले. 'वरपासून खालपर्यंत सारखी.' मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही नख लावलं. मला माहीत होतं की आता यांना छोटी हातोडी हवी असणार, सगळीकडे टकटक करून आवाज ऐकायला. सुदैवाने ती घरी राहिली होती.

'बॉनेट उघडू का?' मुलीने विचारलं. आम्ही तिघेही एकदम 'हो' म्हणालो.

आत चार लिटरचं व्ही-८. म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या. यात गंमत अशी की दोन्ही टर्बो बाहेरच्या अंगाला नाहीत, त्या व्ही-च्या पोटात आहेत. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो दुसऱ्या बाजूने ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. टर्बो मधोमध बसवले की धुराला लांबचा प्रवास नाही, पाय दाबला की लगेच प्रतिसाद आणि इंजिनही आटोपशीर. हे सगळं पुतण्या मामांना समजावत होता. पहिल्यांदाच त्याला इतकं बोलताना मी ऐकत होतो. मामा म्हणाले, 'वाफेच्या इंजिनात पण तेच. वाया जाणारी वाफ धुराड्यातून सोडायचे, ती धूर ओढून न्यायची आणि आग आपोआप फुलायची. टाकाऊतून काम काढायचं.' नातू आजोबांकडे बघतच राहिला.

आणि मग मामांचं बोट थांबलं. इंजिनच्या वर एक छोटी पट्टी बसवलेली. त्यावर एएमजीचं चिन्ह आणि खाली एक सही. छापील नाव नाही, हाताने करावी तशी सही.

'हे काय आहे?'

मुलगी म्हणाली, 'काका, हे ज्याने इंजिन बनवलंय त्याचं नाव. यांच्याकडे एक माणूस एक इंजिन असा नियम आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने जुळवायचं. झालं की आपल्या सहीची पट्टी लावायची.'

'साहेब असेल.'

'नाही काका. टेक्निशियन.'

'म्हणजे फिटर,' मामा म्हणाले.

'हो... फिटरच म्हणायचं.'

मामा वाकून ती सही वाचायचा प्रयत्न करत होते. जर्मन नाव, घसटलेलं अक्षर, कुणालाच धड लागलं नाही. पण ते बराच वेळ वाकून राहिले. पुतण्या त्यांच्या शेजारी. दोघांची डोकी बॉनेटखाली आणि माझ्यासमोर दोन पाठी. मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि का कोण जाणे, तसाच खाली ठेवला.

या एएमजीची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, ती इथे सांगतो. डायम्लर-बेंझमध्ये हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर नावाचे दोघे रेसिंगच्या इंजिनांवर काम करायचे. कंपनीने रेसिंग बंद केलं, पण या दोघांचा हात काही थांबेना. आउफ्रेख्टच्या घरी, ग्रोसआस्पाख गावात, सुट्टीच्या वेळात ते इंजिनावर काम करत राहिले. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं, एका जुन्या गिरणीत. आउफ्रेख्टचा ए, मेल्शरचा एम आणि ग्रोसआस्पाखचा जी. तिसरं अक्षर चक्क गावाचं! १९७१ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी एक अगडबंब लाल मर्सिडीज उतरवली. लोक हसले. भल्यामोठ्या चार दारांच्या त्या धुडाला 'लाल डुक्कर' असं नाव पडलं. ती दुसरी आली. १९७६ मध्ये ते आफाल्टरबाख या लहानशा गावी गेले आणि आजही इंजिनं तिथेच बनतात. त्यांच्या चिन्हात एका बाजूला त्या गावाचं सफरचंदाचं झाड आहे आणि दुसऱ्या बाजूला कॅम, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग. पुढे मर्सिडीजने सगळी कंपनीच विकत घेतली, पण इंजिनावरची सही राहिली.

आता यात धंदा नाही असं कोण म्हणेल? सहीचेही पैसे गाडीच्या किमतीत धरलेले असणारच. श्रीमंत माणसाला 'माझं इंजिन अमक्याने बनवलंय' असं पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवायला आवडतं. हे सगळं मला कळतं. तरीही ज्याने नट आवळले त्याचं नाव झाकणाखाली का होईना, पण आहे. ही गोष्ट खोटी ठरत नाही.

मुलीने विचारलं, 'बसणार का आत?' पुतण्या बसला. मीही बसलो. (सीटवरून उठताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो इंजिनापेक्षा मोठा होता.) मामा नाही बसले. 'माझं बघून झालं,' म्हणाले. निघताना त्यांनी किंमत विचारली. २०२५ च्या जूनमध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तीन कोटी, एक्स-शोरूम. वरचं मॉडेल तीन कोटी पासष्ट लाख. ती जर्मनीतून तयार येते, त्यामुळे आयात कर आणि त्यावर पुन्हा जीएसटी. 'वजन किती?' मामांनी विचारलं. किमतीनंतर वजन विचारणारं गिऱ्हाईक त्या मुलीला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. तिने बघून सांगितलं, दोन टनांच्या जरा आत. मामा पायऱ्या उतरताना पुटपुटले, 'म्हणजे दीड कोटी रुपये टन!' अडतीस वर्षं लोखंडाचा हिशेब टनात केलेला माणूस, तो दुसरं काय मोजणार?

दादरला जेवताना औरंगाबादच्या मर्सिडीजचा विषय निघाला. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. मराठवाड्यातलं शहर म्हणून हिणवणाऱ्या पुण्या-मुंबईला दाखवून दिलं, असा सूर होता आणि त्यात चूक काही नव्हती. पण त्यातल्या ४० कोटींहून अधिक रकमेचं कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेने सात टक्क्यांनी दिलं होतं आणि त्याच भागात ट्रॅक्टर घेणारा शेतकरी त्याहून बरंच जास्त व्याज भरत होता. पी. साईनाथ यांनी तेव्हा 'हिंदू'मध्ये यावर लिहिलं होतं. गाडीचा वेडा म्हणून माझी नेहमी पंचाईत होते ती इथे. गाडी सुंदर आहे, हेही खरं. आणि तिच्याभोवतीचा पैसा असा आहे, हेही खरं. मामांना विचारलं तर म्हणाले, 'घेणारा घेईल रे. त्याचा काय एवढा विचार करायचा? बनवणाऱ्याने मात्र बनवलीय हं.'

संध्याकाळच्या पंचवटीने परत निघालो. इगतपुरी सोडली, डब्यात निम्मे लोक झोपलेले. अंधारात गाडी एका पुलावरून गेली आणि खालून तो पोकळ धडधड आवाज आला. मामांनी मान वर केली. 'लोखंडी आहे. प्लेट गर्डर,' म्हणाले. पुतण्याने विचारलं, 'आजोबा, आवाजावरून कळतं?' आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा नोकरीबद्दल बोलायला लागले.

रिव्हेट भट्टीत लाल करायची. चिमट्याने उचलून भोकात घालायची. एकाने मागून डॉली दाबून धरायची, दुसऱ्याने पुढून हातोडा चालवून डोकं घडवायचं. गरम असतानाच. थंड होताना रिव्हेट आखडते आणि दोन्ही प्लेटांना करकचून आवळून धरते. तिची खरी ताकद त्या आखडण्यात. मग तपासणी. एका बाजूला बोट लावायचं, दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टिचकी मारायची. घट्ट असेल तर खणखणीत आवाज. सैल असेल तर आवाज बद्द आणि बोटाला थरथर लागते. सैल निघाली की खडूची खूण, कापून काढायची, नवी मारायची. एका गर्डरला अशा हजारो. 'माझं बोट अजून सांगेल,' मामा म्हणाले आणि समोरच्या सीटच्या दांडीवर बोट ठेवून दाखवलं.

'तुमचं नाव कुठे असायचं, आजोबा?'

'कुठे असणार? रजिस्टरला गँगचा नंबर. गर्डरवर खडूने लिहायचो, कोणी काय केलं ते. मग लाल रंग मारायचे, त्याच्यावर अॅल्युमिनियमचा. खडू गेला आत.'

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला वाटलं होतं, आता मामा म्हणतील की पुलावर नाव नसतं तेच बरं, काम महत्त्वाचं, वगैरे. आपल्याकडे अशा वेळी असंच बोलतात. शिकलेल्या माणसांना तर हे वाक्य फार आवडतं, कारण त्यांची नावं दारावर असतात. पण मामा म्हणाले, 'असती सही तर बरं वाटलं असतं.' आणि मग नातवाकडे न बघता, 'सांगता आलं असतं पोरांना, हा माझा.'

मी विचार करत होतो. त्या शोरूममधली गाडी वर्षातून किती वेळा पूर्ण वेगाने धावेल? आपल्या रस्त्यांवर, एकदाही नाही कदाचित. आणि आमच्या मामांच्या गर्डरवरून रोज किती गाड्या जातात, किती माणसं झोपेत पार होतात! दोन्ही कामांत तोच डोळा लागतो, तेच नख लागतं. मिळणाऱ्या मानात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. यात जर्मनीचा मोठेपणा आणि आपला कमीपणा असं काही म्हणायचं नाहीये मला. वर्कशॉपात पट्ट्या बनवणं काही अवघड नव्हतं, पितळेची एक पट्टी काय महाग असते? कुणाला सुचलं नाही, इतकंच. आणि फिटरच्या नातवाला 'फिटरला कोण विचारतं' असं वाटायला लागतं ते अशा न सुचलेल्या गोष्टींनीच.

असो. ज्यांना अशा गाड्या आवडतात आणि दाराशी पाय अडतो, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. आधी फोन करा आणि खरं काय ते सांगा. कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते. विचारल्याशिवाय हात लावू नका. (नख चालतं असं दिसतंय!) आणि बॉनेट उघडायला नक्की सांगा. बरेच लोक सीट आणि स्क्रीन बघून परत येतात.

पुतण्याचं काय झालं, असं आमच्या नाशिकच्या मावशींनी फोन करून विचारलंच, म्हणून लिहितो. दुसऱ्या वर्षाचं त्याने अजून नक्की काही सांगितलेलं नाही. घरातले वाद पूर्ण थांबलेत असंही नाही. परवा मी गेलो तेव्हा तो आयटीआयतला जॉब घेऊन आला होता. दोन लोखंडी तुकडे, एकात दुसरा बसवायचा, नर-मादी फिटिंग. कोपऱ्यात रोल नंबर पंच केलेला, तिथला नियमच आहे. पण त्याच्या शेजारी त्याने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरही ठोकलं होतं, थोडं तिरकं. त्याने तो आजोबांपुढे ठेवला. मामांनी चष्मा लावला. दोन्ही तुकडे जुळवले, सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मग तो जॉब खिडकीसमोर उजेडात धरला.

'उजेड दिसतोय,' म्हणाले. 'इथून. कानस घे.'